उमेदवाराने मीठ कोणाचे खाल्ले?

निवडणुकीच्या हंगामात एक वाक्य हमखास कानावर पडते. एखाद्या उमेदवाराचे छायाचित्र कुख्यात गुंडाबरोबर, वाळूच्या ठेकेदाराबरोबर किंवा भूखंडाचे श्रीखंड ओरपणाऱ्या बिल्डरबरोबर प्रसिद्ध होते आणि उमेदवार शांतपणे सांगतो, "मी सार्वजनिक जीवनातला माणूस आहे. रोज शेकडो लोक माझ्याबरोबर छायाचित्र काढून घेतात. प्रत्येकाच्या चारित्र्याचा दाखला मी मागत बसू काय?" पत्रकार मान डोलावतात, दुसरा प्रश्न विचारतात आणि विषय संपतो.

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच घातक आहे. लग्नसमारंभात, गणेशोत्सवाच्या मंडपात, एखाद्या उद्घाटनात शेजारी कोण येऊन उभे राहील यावर पुढाऱ्याचे नियंत्रण नसते, हे मान्य. परंतु चौकाचौकांत लागलेल्या फलकांचे पैसे कोणी दिले, प्रचाराच्या पन्नास गाड्यांत डिझेल कोणाच्या खात्यातून भरले गेले, प्रचार कार्यालय कोणाच्या रिकाम्या गाळ्यात थाटले गेले, अर्ज भरायला जाताना उघड्या जीपमध्ये उजव्या हाताला कोण उभे होते, हे सारे योगायोग नव्हेत. ती निवड असते. आणि ज्या निवडीचे स्पष्टीकरण उमेदवार देऊ इच्छित नाही, तिचे स्पष्टीकरण मागण्याचा अधिकार मतदाराला आहे.

यावर आपल्याकडील काही विद्वान कायद्याचे पुस्तक उघडतात. माणसाला त्याच्या स्वतःच्या कृत्यासाठी जबाबदार धरावे, त्याच्या मित्रांच्या कृत्यासाठी नव्हे. संगतीवरून अपराध सिद्ध होत नाही, असे ते सांगतात. न्यायालयापुरते ते बरोबरच आहे. न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकते, म्हणून तेथे निःसंशय पुरावा हवा. मतदार मात्र कोणाचे काही हिरावून घेत नाही. तो विश्वास देतो किंवा देत नाही. मुलीचे लग्न ठरवताना आपण मुलाच्या घराची, मित्रमंडळींची चौकशी करतो. पतसंस्थेचा रोखपाल नेमताना तो कोणाकोणाचे देणे लागतो हे विचारतो. त्या वेळी 'आधी न्यायालयाने शिक्षा ठोठावू द्या, मग पाहू' असे कोणी म्हणत नाही. मग ज्याच्या हाती महापालिकेची किंवा राज्याची तिजोरी सोपवायची, त्याच्याविषयीच एवढी कायदेशीर नाजूकता का?

प्रश्न खरा आहे तो वेगळाच. मतदाराची कसोटी न्यायालयाइतकी कडक नसते, याचाच गैरफायदा घेऊन कोणीही कोणाचेही नाव कोणाशीही जोडू शकतो. मग संगतीवरून माणूस ओळखायचा तर तो कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्राने ते उत्तर १९८१-८२ साली स्वतःच्या अनुभवातून मिळवले होते. आपण ते विसरलो आहोत, इतकेच.

सिमेंटची पोती आणि प्रतिभेची पूजा

आजच्या तरुण पिढीला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण त्या काळी सिमेंट दुकानातून हवे तितके विकत मिळत नसे. किंमत आणि वाटप सरकारच्या ताब्यात होते. चार खोल्यांचे घर बांधायचे तरी परवान्यासाठी अर्ज करावा लागे आणि घराचा पाया खणून झाल्यावर मालकाला महिनोन्महिने पोत्यांची वाट पाहावी लागे. खुल्या बाजारात, म्हणजे उघडउघड काळ्या बाजारात, तेच पोते कितीतरी चढ्या भावाने मिळे. ज्याच्या हाती वाटपाची लेखणी, त्याच्या हाती बिल्डरांचे नशीब, अशी ती व्यवस्था होती. समाजवादाच्या नावाखाली या देशात जे परवाना-राज्य उभे राहिले, त्याचे हे एक नमुनेदार अंग.

अशा वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते अब्दुल रहमान अंतुले. १९८० च्या जून महिन्यात ते सत्तेवर आले आणि त्याच वर्षी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' नावाचा न्यास स्थापन झाला. हेतू उदात्त: साहित्यिक, कलावंत, गुणवंत यांना साह्य करणे. येथे क्षणभर थांबावे. देणगी नेहमीच चांगल्या कामाच्या नावाने मागितली जाते. कोणताही पुढारी 'माझ्या सत्तेसाठी द्या' असे म्हणत नाही. कधी कलावंत पुढे केले जातात, कधी अनाथ मुले, कधी दुष्काळग्रस्त. पावतीवर छापलेला हेतू वाचून देणगीची परीक्षा करणे हा भाबडेपणा आहे.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि या प्रतिष्ठानाच्या तिजोरीचे झाकण उघडले. सिमेंटचा कोटा आणि देणग्यांची रक्कम यांचे नाते प्रथमच जनतेसमोर आले. त्यावर बचाव काय झाला, ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. न्यासाला देणगी देणे हा गुन्हा आहे काय? नाही. मुख्यमंत्र्यांनी आपल्या अधिकारात सिमेंटचे वाटप करणे हा गुन्हा आहे काय? तोही नाही. पैसे कोणाच्या खासगी खिशात गेले काय? ते तर न्यासाकडे धनादेशाने जमा आहेत! प्रत्येक वाक्य सुटे सुटे घेतले तर निर्दोष होते. आजही अगदी हाच बचाव, अगदी याच क्रमाने, केला जातो.

प. बा. सामंत आणि अन्य काहींनी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यासमोर सुनावणी झाली. न्यायमूर्तींनी जे केले ते सांगायला फार सोपे आहे, आणि तेच या लेखाचे मर्म आहे. त्यांनी दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. कोणी किती देणगी दिली आणि केव्हा दिली, ही एक. कोणाला किती सिमेंट मिळाले आणि केव्हा मिळाले, ही दुसरी. सुटी सुटी निर्दोष दिसणारी वाक्ये त्या दोन याद्या एकत्र येताच बोलू लागली. देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा परस्परसंबंध होता, असा निष्कर्ष १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायालयाने दिला आणि अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. (याच लेंटिन यांनी पुढे जे. जे. रुग्णालयातील ग्लिसेरॉल-मृत्यूंची चौकशी केली आणि तेथेही खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उलगडून दाखवली. अशा न्यायाधीशांची आठवण महाराष्ट्राने अधिक कृतज्ञतेने ठेवायला हवी होती.)

त्यानंतरची कथा मात्र फारशी अभिमानास्पद नाही. मुंबई भाजपचे नेते रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार दाखल करून हा लढा वर्षानुवर्षे एकाकी चिकाटीने चालवला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश मागे घेतला. कायद्याचे विद्यार्थी या निकालांचा आजही अभ्यास करतात, पण शिक्षेपर्यंत गोष्ट कधी पोचली नाही. रामदास नायक यांची १९९४ च्या ऑगस्टमध्ये वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्या हत्येचा सिमेंट प्रकरणाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाने एका मुख्यमंत्र्याला न्यायालयात उभे केले, त्याचे नाव आज किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. अंतुले मात्र पुढे कुलाब्यातून अनेकदा लोकसभेवर निवडून गेले, १९९५ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये केंद्रात मंत्री झाले. त्यांना तेथे पाठवणारे मतदारच होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

एकाच यादीचा मोह

दोन याद्यांची ही कसोटी जशी दोषी माणसाला पकडते, तशीच ती निर्दोष माणसाचे रक्षणही करते, आणि ते तितकेच महत्त्वाचे आहे. १९९४ साली मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी शरद पवार यांच्यावर तोफ डागली. 'ट्रकभर पुरावे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठीत रूढ झाला. सभांना तुडुंब गर्दी झाली. अनधिकृत बांधकामांवर निर्भयपणे हातोडा चालवणाऱ्या खैरनारांविषयी लोकांना आदर होता, आणि तो अनाठायी नव्हता. पण आरोप सिद्ध करणारा तो ट्रक काही आला नाही. काँग्रेसविरोधी वातावरणाला त्याचा तात्पुरता लाभ झाला असेल. दीर्घकाळाचा लाभ मात्र सर्व पक्षांतील बदनाम मंडळींना झाला. कारण त्यानंतर कोणताही गंभीर आरोप 'हाही ट्रकभर पुराव्यांतला' असे म्हणून हसण्यावारी नेण्याची सोय झाली. पवारांच्या राजकारणाचा विरोध करण्यास कारणे भरपूर आहेत. त्यासाठी न आलेल्या ट्रकची गरज नव्हती.

आणि हाच मोह आपल्यावरही उलटला होता. १९९१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला जैन बंधूंच्या डायऱ्या सापडल्या. त्यांत आद्याक्षरे होती आणि त्यांपुढे आकडे होते. १६ जानेवारी १९९६ रोजी, म्हणजे लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, लालकृष्ण अडवाणी यांच्यावर आरोपपत्र दाखल करण्यात आले. ही एकच यादी होती. कोणी काय दिले, असे कोणीतरी लिहून ठेवलेले; त्याच्या मोबदल्यात काय मिळाले याची यादी कोठेच नव्हती, आणि दिले तरी होते काय याचा स्वतंत्र पुरावाही नव्हता. १९९७ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि १९९८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले.

पण न्यायालयाच्या निकालापेक्षा येथे महत्त्वाचे आहे ते अडवाणी यांनी निकालाची वाट न पाहता काय केले ते. लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा त्यांनी जाहीर केला आणि निर्दोष ठरेपर्यंत लोकसभेत पाऊल ठेवणार नाही, असे सांगितले. १९९६ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. गांधीनगरमधून अटलजी उभे राहिले. त्याच प्रकरणात मदनलाल खुराना यांनी दिल्लीचे मुख्यमंत्रिपद सोडले. तेव्हा 'न्यायालयाने शिक्षा कोठे दिली आहे?' असे म्हणण्याचा अधिकार दोघांनाही होता. तो त्यांनी वापरला नाही. देणगीदाराच्या वहीत आपले नाव निघाले, एवढ्यावरच उत्तरदायित्व सुरू होते, असे ते मानत होते. आज हा प्रसंग सांगितला की काही तरुण कार्यकर्ते कौतुकाने ऐकतात आणि काही जण 'ते दिवस वेगळे होते' असे म्हणतात. दिवस वेगळे नव्हते.

याद्या दडवल्या कोणी?

सामान्य मतदाराला या दोन याद्या शेजारी ठेवता येऊ नयेत, अशी व्यवस्था या देशात पद्धतशीरपणे घडवली गेली. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी कायद्याचा अडसर नसल्याने परवानगी दिली. पण कंपन्यांचा पैसा असाच वाहू लागला तर तो लोकशाहीचा गळा आवळील, हा धोकाही स्पष्ट शब्दांत नोंदवला आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. (१९८० साली वांद्रे येथील भाजपच्या पहिल्या अधिवेशनाच्या व्यासपीठावर आलेले छागला ते हेच.) संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली. १९६९ मध्ये इंदिराजींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदीच आणली. देणग्या थांबल्या का? थांबल्या त्या फक्त पावत्या. पैसा धनादेशातून सुटकेसमध्ये गेला, आणि परवाना-राज्यात सुटकेस घेऊन कोठे जायचे हे प्रत्येक उद्योगपतीला पाठ होते. सिमेंट प्रकरण याच काळाचे अपत्य. १९८५ साली बंदी उठली, तोवर सवय हाडीमाशी खिळली होती.

दुसरा घाव १९७४ चा. दिल्लीतील जनसंघाचे नेते कंवरलाल गुप्ता यांनी काँग्रेसच्या अमरनाथ चावला यांच्या निवडीला आव्हान दिले होते. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि निवड रद्द केली. निकाल ऑक्टोबरात आला. वर्ष संपण्यापूर्वीच सरकारने वटहुकूम काढून कायद्यात 'स्पष्टीकरण' घुसडले, की पक्षाचा आणि मित्रांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा नाही! मित्रांनी कितीही उधळावे, उमेदवार मात्र कागदोपत्री फकीर. पुढे २००३ मध्ये या स्पष्टीकरणाचे रूप बदलले, पण मूळ पळवाट राहिलीच. आज मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. त्याच्या पक्षाला मर्यादा नाही. उमेदवाराच्या संमतीवाचून परस्पर खर्च करणाऱ्या 'शुभेच्छुकां'ना दंड आहे, तो पूर्वी पाचशे रुपये होता आणि नव्या न्याय संहितेत दहा हजारांपर्यंत गेला आहे. एका चौकातील फलकांचा खर्चसुद्धा त्याहून अधिक असतो.

आता निवडणूक रोख्यांविषयी. हा विषय आपल्या वाचकांना अडचणीचा वाटेल, म्हणूनच तो टाळता येणार नाही. २०१८ च्या जानेवारीत ही योजना आली ती रोखीचा काळा पैसा बँकेच्या मार्गावर आणण्याच्या उद्देशाने, आणि तो उद्देश खोटा होता असे म्हणण्यास आधार नाही. विरोधी पक्षाला देणगी दिली म्हणून सत्ताधारी सूड उगवतील, ही उद्योजकांची भीतीही काल्पनिक नव्हती. बंगाल किंवा तामिळनाडूत धंदा करणाऱ्याला ती विचारून पाहावी. पण औषध देताना वैद्याने डोळेच बांधले. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपले, कंपन्यांच्या नफ्याशी निगडित असलेली साडेसात टक्क्यांची मर्यादाही २०१७ मध्येच गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने योजना रद्द केली आणि नावे जाहीर करायला लावली.

मार्च २०२४ मध्ये दोन्ही बाजू लोकांसमोर आल्या. एप्रिल २०१९ पासूनच्या आकडेवारीत सर्वांत मोठा वाटा, सुमारे ६,०६० कोटी रुपये, भाजपचा होता. तो देशातील सर्वांत मोठा पक्ष आहे, हे स्पष्टीकरण योग्य आहे, परंतु पुरेसे नाही. ज्या कंपन्यांवर तपास यंत्रणांची कारवाई सुरू होती त्यांचे रोखे कोणत्या तारखांना घेतले गेले, हा प्रश्न सिमेंटच्या प्रश्नाहून वेगळा नाही आणि तो विचारणारा प्रत्येक जण हिंदुद्वेष्टा ठरत नाही. त्याच वेळी, नैतिकतेचा टेंभा मिरवणाऱ्यांच्या घरातही डोकावून पाहावे. रोख्यांची सर्वांत मोठी खरेदीदार ठरली लॉटरीच्या धंद्यातील फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटींची. त्यातील सर्वांत मोठे वाटे तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक यांच्या पदरात पडले. गोरगरिबाच्या खिशातल्या दहा-वीस रुपयांवर चालणारा हा धंदा. त्याचे पैसे 'गरिबांच्या' पक्षांना पचले कसे, याची चर्चा इंग्रजी वाहिन्यांवर किती मिनिटे झाली? मार्क्सवादी पक्षाने रोखे घेतले नाहीत. त्यांच्या विचारांशी आपले वैर जुने आहे, पण ही गोष्ट मान्य करण्यात कमीपणा नाही.

काही मंडळी त्या वेळी गुप्तदानाचा दाखला देत होती. आपल्या परंपरेत गुप्तदान श्रेष्ठ आहे, मग देणगीदाराचे नाव गुप्त राहिले तर बिघडले कोठे? ज्यांनी भगव्या ध्वजासमोर लिफाफा ठेवून गुरुदक्षिणा दिली आहे, त्यांना तरी हा युक्तिवाद पटू नये. तेथे कोणी किती ठेवले याची वाच्यता होत नाही, म्हणून कोणाचा मान वाढत नाही आणि कोणाचे काम होत नाही. देणारा मोबदला मागूच शकत नाही. रोख्यांत याच्या उलट होते. घेणाऱ्याला देणारा ठाऊक असण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. अनभिज्ञ राहत होता तो फक्त मतदार.

आपल्या अंगणातले

दिल्लीचे आकडे मोठे असतात, म्हणून त्यांवर बोलणे सोपे असते. कार्यकर्त्याची खरी परीक्षा होते ती आपल्या वॉर्डात. वीस वर्षे ज्या गल्लीत त्याने शाखा लावली, पूर आला तेव्हा गाळ उपसला, रक्तदान शिबिरे घेतली, त्याच गल्लीत एक दिवस त्याला एका नव्या उमेदवाराची मतदार-चिठ्ठी घेऊन पाठवले जाते. उमेदवार काल दुसऱ्या पक्षात होता. त्याच्याभोवती जी मुले गळ्यात सोनसाखळ्या घालून फिरतात, त्यांना गल्लीतील प्रत्येक आई ओळखते. त्याचा पैसा कोठून येतो हेही सर्वांना ठाऊक असते: नाल्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीतून, रात्री नदीपात्रात उतरणाऱ्या डंपरमधून. कार्यकर्त्याने दबकत विचारले तर उत्तर मिळते, 'निवडून येण्याची क्षमता!' बिचारा चिठ्ठ्या वाटतो. ज्या घरांत त्याला आजवर चहा मिळत असे, त्या घरांच्या दारात तो नजर चुकवून उभा राहतो.

राजकारणी, गुन्हेगार आणि अधिकारी यांच्या युतीविषयी व्होरा समितीने १९९३ साली, मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर, इशारा दिला होता. तो अहवाल काँग्रेस सरकारने जवळजवळ दोन वर्षे संसदेपुढे आणला नाही म्हणून आपण किती टीका केली! ती योग्यच होती. पण त्या युतीचा एखादा तालुका-पातळीवरचा नमुना आपला गमछा घालून आला की आपली टीका मूग गिळून बसते. 'पक्षात आल्यावर सुधारेल' म्हणतात. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या ही म्हण त्यांना आठवत नाही. आणि गुण कोणाचा कोणाला लागेल हे संख्या ठरवत नाही, पैसा ठरवतो.

पंडित दीनदयाळजींनी १९६३ साली जौनपूरची पोटनिवडणूक लढवली तेव्हा ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांची मते मागण्यास त्यांनी ठाम नकार दिला आणि ते पराभूत झाले. पक्ष चांगला आहे म्हणून त्याने दिलेला वाईट उमेदवार मतास पात्र ठरत नाही, असे ते स्वतःच्याच पक्षाच्या मतदारांना लेखातून सांगत असत. आपल्या महाराष्ट्रात रामभाऊ म्हाळगी दरवर्षी स्वतःच्या कामाचा लेखी अहवाल मतदारांच्या हाती देत. त्यांच्या नावाने प्रबोधिनी आहे, तेथे प्रशिक्षणवर्ग होतात. मग उमेदवारांनी निवडणुकीतल्या पैशाचा हिशेबही त्याच पद्धतीने घरोघरी द्यावा, हे कोणी का सुचवत नाही?

न्यायालयांनी आपल्या परीने काही दारे उघडून दिली आहेत. २००२-०३ च्या निकालांमुळे उमेदवाराला आपल्यावरचे खटले आणि मालमत्ता शपथपत्रात लिहावी लागते. २०१८ पासून उत्पन्नाचे स्रोत आणि स्वतःचे, पती वा पत्नीचे, अवलंबितांचे सरकारी कंत्राटही लिहावे लागते. मेव्हणा, भाचा आणि 'बंधुतुल्य मित्र' मात्र त्यातून सुटले आहेत. २०२० च्या फेब्रुवारीतील आदेशाने, खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणे पक्षांना प्रसिद्ध करावी लागतात, आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढेच कारण चालत नाही. पक्ष ती कारणे छापतात. 'लोकप्रिय, सेवाभावी, खटला राजकीय सूडातून' अशा ठशाची वाक्ये सर्व पक्षांची सारखीच. एकमेकांची पाने अदलाबदल केली तरी कळणार नाही.

एक दार मात्र कायमच उघडे आहे आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीचा निकाल लागल्यावर तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. त्यात नुसता खर्च नसतो. पैसा स्वतःचा किती, पक्षाने किती दिला, आणि कोणत्या व्यक्तींनी वा कंपन्यांनी किती, याची परिशिष्टे असतात. १९६१ च्या नियमांनुसार कोणालाही हा हिशेब पाहता येतो, आणि पाहण्याचे शुल्क एक रुपया आहे. नंतर तोच कार्यकर्ता महापालिकेच्या स्थायी समितीत मंजूर झालेल्या कंत्राटांची किंवा नगररचना विभागाच्या आरक्षण-फेरबदलांची माहिती अधिकारात मागणी करू शकतो. ज्या शहरात आपली शाखा आहे, ज्या तालुक्यात हे साप्ताहिक पोचते, तेथील किती जणांनी गेल्या निवडणुकीनंतर जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तो एक रुपया भरला? विरोधी उमेदवाराच्या फायलीसाठी भरला असेल कोणी. प्रश्न आपल्या उमेदवाराच्या फायलीचा आहे.